आमची गल्ली कितव्या पानावर?

पुस्तक छापून आलं त्याला चौदा महिने झाले होते आणि वाचनालयाच्या लोखंडी कपाटात ३१२ प्रती पडून होत्या. मोजल्या मीच, डांबरगोळ्या बदलायला कपाट उपसावं लागलं तेव्हा. छापल्या होत्या ५००. गेलेल्या १८८ पैकी निम्म्याहून जास्त सप्रेम भेट: देणगीदार, प्रकाशनाला आलेले पाहुणे, पाहुण्यांबरोबर आलेले लोक. म्हणजे खिशातून पैसे काढून पुस्तक नेणारे शंभराच्या आतच.

परळ-नायगाव पट्ट्यातलं आमचं वाचनालय लहान आहे. दोन खोल्या, एक पोटमाळा, संध्याकाळी पाच ते आठ. मी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून तीस वर्षं काढली. आता आठवड्यातले तीन दिवस इथे काउंटरवर बसते. पुढचं सगळं त्या काउंटरवरून दिसलेलं आहे, तेव्हा ते तेवढ्याच उंचीवरून वाचावं.

पुस्तक आमच्या विभागाच्या इतिहासाचं. लिहिलं आमच्या अध्यक्षांनी. त्यांना सगळे सर म्हणतात, कारण निम्म्या वस्तीला त्यांनी शाळेत इतिहास-भूगोल शिकवलाय. चार वर्षं खपले. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात बसून टिपणं काढली, शहराच्या १९०९-१०च्या गॅझेटिअरचे तिन्ही खंड पालथे घातले. २४० पानं, वर फोटोंची सोळा गुळगुळीत पानं, पुठ्ठाबांधणी, किंमत ३५० रुपये. मुद्रितं मी तपासली. शुद्धलेखनाची एक चूक कुणी काढून दाखवावी अशी माझी छाती होती, आणि ती कुणी काढलीही नाही. ऱ्हस्वदीर्घ सोडून बाकी काय काय चुकलं होतं ते नंतर कळलं.

कार्यकारिणीच्या बैठकीत या ३१२ प्रतींचा विषय दहा मिनिटांत आटोपला. हल्ली कोण वाचतं, मोबाइल आला, मराठी माणूस पुस्तकाला पैसे काढत नाही, आणि मग चहा. मला ते पटेना. आमच्या देवघेवीच्या रजिस्टरवरून महिन्याला तीनशेच्या वर पुस्तकं जातात. वाचणारे आहेत. त्यांनी हे एक पुस्तक बाजूला ठेवलंय, तर का, ते त्यांच्याकडूनच कळायला हवं. पण विचारलं की लोक खरं सांगत नाहीत. ‘छान आहे हो, वाचायचंय निवांत’ म्हणतात. सरांच्या विद्यार्थ्यांकडून तर दुसरं काय येणार! म्हणून ठरवलं, विचारायचं नाही, नुसतं बघायचं.

टेबलावरची वही

गणपतीचे दहा दिवस वाचनालयाच्या दाराशी टेबल टाकलं. हे दिवस निवडायचं कारण होतं. आमच्याकडच्या चाळी पडल्या, टॉवर आले, माणसं डोंबिवली, बदलापूर, विरारला पांगली. ती एरवी इकडे फिरकत नाहीत. पण गणपतीत एक दिवस जुन्या मंडळाच्या दर्शनाला येतात, पोरांना ‘इथे आमचं घर होतं’ म्हणून एखाद्या पार्किंगकडे बोट दाखवतात, आणि परत जायच्या आधी थोडं रेंगाळतात. रेंगाळणाऱ्या माणसाच्या हाताला टेबल लागलं की तो पुस्तक उचलतो.

शंभर पानी वही घेऊन बसले. पुस्तकाची शिफारस करायची नाही, एवढाच नियम. हातांकडे बघायचं आणि तोंडून पहिलं वाक्य जे येईल ते लिहायचं.

पहिल्याच संध्याकाळी एक गोष्ट लक्षात आली. लोक पुस्तक शेवटाकडून उघडत होते. मला वाटलं किंमत बघतायत. किंमत तर मागच्या वेष्टनावरच होती. ती बघून झाल्यावर ते शेवटची पानं चाळायचे. एका बाईंनी तोंडाने सांगितलं तेव्हा उलगडा झाला: ‘यात नावांची यादी नाही का हो, कुठलं कुठे आहे त्याची?’ सूची. ती आम्ही केलीच नव्हती. मग लोक पुढे अनुक्रमणिकेकडे जात. तिथे ‘प्राचीन वारसा’, ‘औद्योगिक पर्व’, ‘सांस्कृतिक वैभव’ अशी प्रकरणं. आपली वाडी ‘सांस्कृतिक वैभवा’त शोधायची की ‘औद्योगिक पर्वा’त, हे कुणाला कळणार? मग फोटो. फोटोंत फिती कापल्या जात होत्या. शाली, श्रीफळं, माइक. तेवढं झालं की पुस्तक हलकेच जाग्यावर ठेवून ते मांडवाकडे वळत.

आणि पहिलं वाक्य? वहीतल्या निम्म्याहून जास्त नोंदींत एकच आहे, थोड्याफार फरकाने. ‘आमची गल्ली आहे का यात?’

यावर आमचे खजिनदार म्हणाले, म्हणजे लोकांना स्वतःचंच कौतुक. मलाही दोन दिवस तसंच वाटलं. तिसऱ्या दिवशी बदलापूरहून एक बाई आल्या, साठीच्या, बरोबर मुलगी. त्यांनी पानं फरफर उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवून मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं: ‘कामगारांच्या भोजनाची सोय खासगी खानावळींमधून होत असे.’ आणि हसल्या. त्यांच्या आईची खानावळ होती. खानावळ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नव्हे. राहत्या खोलीतच बावीस माणसांचं जेवण, पाळीप्रमाणे तीन वेळा पंगती. पहिल्या पाळीवाल्यांचं ताट पहाटे तयार ठेवायचं. ते उठेपर्यंत या मुलींनी अभ्यासाला जिन्यात बसायचं. हिशेबाची वही चुलीच्या वरच्या फळीवर. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. काही महिने आईने उधारीवर जेवू घातलं, मग वही मिटली. कोण कुठे गावी गेला, कुणाकडे किती राहिले, ते आकडे त्या वहीत अजून आहेत.

एवढं सांगून बाई मला म्हणाल्या, ‘आईचं नाव नका टाकू हवं तर. पण ही सोय होत असे म्हणजे कोण करत असे?’

मी तीस वर्षं वाक्यं तपासली. ‘सोय होत असे’ हे वाक्य माझ्या हाताखालून गेलं होतं आणि व्याकरणात ते निर्दोष आहे. त्यात कर्ता नाही एवढंच. त्या रात्री घरी पुस्तक घेऊन बसले आणि पेन्सिलीने अशी वाक्यं मोजली. ‘वस्ती वाढली’, ‘रस्ते झाले’, ‘उत्सव साजरे होऊ लागले’. चाळीसाव्या पानापर्यंत मोजून सोडून दिलं. आमच्या पुस्तकात सगळं आपोआप होत होतं. १९७५ साली प्रेमाताई पुरवांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ती या गिरणगावातली केवढी मोठी गोष्ट! तीही आमच्याकडे ‘महिला संघटित झाल्या’ एवढ्यात उरकलेली.

तेवीस खुणा

एक काका पाचव्या दिवशी आले, ३५० रुपये मोजून पुस्तक घेऊन गेले आणि अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी परत आले. मला वाटलं पैसे मागायला. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पुस्तक उघडून माझ्यासमोर ठेवलं. समासात पेन्सिलीने फुल्या. तेवीस.

काका गिरणीत साचेवाले होते. पहिली फुली ‘यंत्रमाग’ या शब्दावर. ‘ताई, यंत्रमाग भिवंडीला. इचलकरंजीला. गिरणीत असतो तो साचा. खातं ते साचेखातं, चालवतो तो साचेवाला. यंत्रमागवाला म्हटलं असतं कुणी तर आम्ही मागे वळून बघितलं नसतं.’ दुसरी फुली माझ्यावरच होती, हे त्यांना माहीत नव्हतं. सरांच्या हस्तलिखितात ‘त्रासन खातं’ असं होतं, कुणा कामगाराच्या तोंडचं. मला तो मुद्रणदोष वाटला. ‘त्रास’शी काही तरी घोटाळा झालाय असं समजून मी तिथे ‘कताई विभाग’ केलं आणि वर सरांना न विचारता केलं. काकांनी समजावून सांगितलं: थ्रॉसल म्हणून कातायचं यंत्र, त्याचं गिरणीच्या तोंडी झालं त्रासन. ‘माझा भाऊ त्रासन खात्यात होता. कताई विभागात नव्हता.’

एकेक फुली अशी. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि जे बोलले ते वहीत तसंच्या तसं आहे: ‘तुम्ही इथे प्लेगमध्ये किती माणसं मेली त्याचा आकडा दिलाय. असेल बरोबर. पण साचा ज्याला माहीत नाही त्याचा आकडा मी कुठल्या भरवशावर खरा धरू?’

या प्रकरणातलं माझं सगळं शिक्षण या एका प्रश्नात आहे. सरांचा प्लेगचा आकडा गॅझेटिअरमधून आलेला, पक्का होता. पण काकांच्या हातात तो तपासायचं साधन नव्हतं. जे तपासता येत होतं ते एकच पान होतं, आणि त्या पानावर आम्ही नापास झालो होतो.

काउंटरवर बसल्यावर बाकीच्या पुस्तकांचं काय होतं तेही दिसतंच. पाककृतीच्या पुस्तकाची परत आलेली प्रत उघडा. जिथे हळदीचे, तेलाचे डाग आहेत ते पान वाचकाला पटलंय. ‘मीठ अंदाजे’ लिहिणाऱ्या लेखिकेबद्दल आमच्या सभासद बायका जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही. किल्ल्यांच्या भटकंतीच्या पुस्तकांचं तसंच. पोरं पहिल्यांदा आवृत्तीचं साल बघतात, मग पाण्याचं टाकं कुठे आहे आणि उन्हाळ्यात त्यात पाणी असतं का ते शोधतात. शिवरायांच्या पराक्रमाची चार पानं असतील तर ती घरी आल्यावर वाचतात, आणि तीही टाकं बरोबर निघालं तरच. बागकाम, होमिओपॅथी, शेअर बाजार, सगळीकडे वाचक एक छोटा प्रयोग करून बघतो आणि मग लेखकावर विसंबतो. इतिहासाच्या पुस्तकात प्रयोग कसला करणार? पानिपत कुणी करून बघत नाही. आपल्या विभागाच्या इतिहासात मात्र प्रत्येक वाचकाकडे एक गोष्ट लेखकापेक्षा जास्त पक्की असते: आपली गल्ली. ‘आमची गल्ली आहे का यात’ हे कौतुकासाठी विचारलेलं नसतं. तो शितावरून भाताची परीक्षा करत असतो.

खजिनदारांना हे मी सांगितलं. ते म्हणाले, सूचीला फर्मा वाढेल, म्हणजे छपाईचा आणखी एक ताव.

एका फोटोखालची ओळ

तेवीस फुल्यांमधली सगळ्यात जिव्हारी लागलेली एका फोटोच्या ओळीवर होती, आणि ती चूक काकांशिवाय आणखी अकरा जणांनी दाखवली. फोटो पोयबावडीच्या चाळीचा. खाली छापलं होतं: ‘बीडीडी चाळ, परळ’. ती बीआयटी चाळ आहे.

बाहेरच्या माणसाला दोन अक्षरांचा फरक वाटेल. इथे तो दोन काळांचा आणि दोन घरमालकांचा फरक आहे. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला, पहिलं निदान डॉ. व्हिएगस यांनी केलं. शहर हादरलं आणि दाट वस्त्या फोडून रस्ते, चाळी, नव्या वसाहती आखायला १८९८ साली बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या त्या बीआयटी चाळी. पुढे १९३३मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन झाला आणि भाडं पालिकेला जाऊ लागलं. बीडीडी म्हणजे १९२०चं सरकारी विकास खातं. त्याच्या काँक्रीटच्या २०७ इमारती, पैकी वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. त्यांचा मालक सरकार. ज्याने आयुष्यभर भाड्याची पावती जपली त्याला कुणाच्या पावतीवर कुणाचा शिक्का असतो हे सांगावं लागत नाही.

शिवाय ही चाळ साधीसुधी नव्हे. बीआयटी चाळ क्रमांक १, खोली ५० आणि ५१. बाबासाहेब आंबेडकर १९१२ ते १९३४ इथे राहिले, मग हिंदू कॉलनीतल्या राजगृहात गेले, जे त्यांनी पुस्तकांचा विचार करून बांधलं होतं. आमच्या पुस्तकात बाबासाहेबांवर तीन पानं होती, सगळी त्यांच्या कार्याच्या गौरवाची, आणि खोलीचा क्रमांक कुठेच नव्हता. लोक खोलीचा क्रमांक विचारत. विदर्भातून आलेला एक मुलगा टेबलाशी उभा राहून म्हणाला, ‘गौरव माहीत आहे सर, जिना कुठला ते सांगा.’ सर तिथेच होते. ते त्याला घेऊन गेले, चालत. परत आल्यावर बराच वेळ काही बोलले नाहीत.

(फोटोखालच्या ओळी मजकुरापेक्षा जास्त वाचल्या जातात, हे मुद्रितशोधकाने तरी जाणायला हवं. छापखान्यात त्या सगळ्यात शेवटी, घाईत, कंटाळून तपासल्या जातात. मीही तशाच तपासल्या.)

नावांचा घोळ असाच. सर तत्त्वाचे, वसाहतकालीन नावं वापरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं होतं. पण जुनी माणसं डिलाईल रोड म्हणतात, पोरं फोनमध्ये ना. म. जोशी मार्ग शोधतात. व्हिन्सेंट रोड आता कुणाला माहीत नाही, तो डॉ. आंबेडकर रस्ता. एल्फिन्स्टन रोड स्टेशन २०१८मध्ये प्रभादेवी झालं, तरी आमच्या लोकांच्या जिभेवर एल्फिस्टनच. दादर टी.टी. म्हणताना टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस हे वीस वर्षांच्या मुलाला सांगावं लागतं. जुन्या नावाशिवाय आजोबांना रस्ता सापडत नाही आणि नव्या नावाशिवाय नातवाला. दोघं एकच पुस्तक घेऊन उभे असतात हो! आणि ट्राम बंद झाल्याचं साल आम्ही १९६५ छापलं होतं. ३१ मार्च १९६४. हे सांगणाऱ्या आजींना ती तारीख पाठ होती, कारण त्या दिवशी त्यांचे यजमान त्यांना नुसते बसायला म्हणून बोरीबंदरहून दादरपर्यंत शेवटच्या ट्रामने घेऊन आले होते.

परळच्या शिवप्रतिमेवर सरांनी नऊ पानं लिहिली होती. १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेली ती अखंड शिळा, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, एकातून एक उमललेल्या शिवाच्या आकृती, पाचव्या-सहाव्या शतकातली. पुस्तकातलं सगळ्यात देखणं लिखाण. वाचकांचा त्यावर एकच प्रश्न: ‘बघायला मिळते का? कधी?’ ते नऊ पानांत नव्हतं. बारादेवीच्या देवळात ती आहे, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, आणि मीही तोवर कधी गेले नव्हते.

सगळ्यांनाच गल्ली हवी होती असं मात्र नाही. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाला सनावळ्यांचा तक्ता हवा होता, बाकी काहीही नको. वास्तुशास्त्राची एक विद्यार्थिनी दर पानाला ‘हे कुठून घेतलं?’ म्हणून विचारत होती. सरांनी आधार मुद्दामच गाळले होते, वाचकाला कंटाळा येतो म्हणून. तिला मी आमच्या कपाटातलं माडगावकरांचं ‘मुंबईचे वर्णन’ दिलं. १८६३ साली गोविंद नारायण माडगावकरांनी स्वतःच्या डोळ्यांसमोरचं शहर लिहून ठेवलं: रस्ते, तळी, देवळं, बाजार, शाळा. त्या काळी कुणाला तरी वाटलंच असेल की हे तर रोजचंच, यात लिहायचं काय. तीन आठवडे तिने ते परत केलं नाही.

शुद्धिपत्र

दुसऱ्या आवृत्तीला पैसे नव्हते. ३१२ प्रतींचं काय करायचं हा प्रश्न तसाच होता. रद्दीत घालू म्हणणाऱ्यांना सरांचं तोंड बघवेना, म्हणून ते कुणी दुसऱ्यांदा बोललं नाही.

मी सुचवलं की चार पानांचं शुद्धिपत्र काढू आणि प्रत्येक प्रतीत घालू. सर चिडले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासलेला माणूस. स्वतःच्या चुकांची छापील यादी वाटायची म्हणजे काय! दोन आठवडे वाचनालयात आले नाहीत. मग एके दिवशी काकांची ती पेन्सिलवाली प्रत मागून घेऊन गेले, आणि पुढच्या रविवारी ते आणि काका पोटमाळ्यावर समोरासमोर बसले. खाली ऐकू येत होतं. भोंग्यावरून भांडण जुंपलं होतं; कुठल्या गिरणीचा भोंगा आधी व्हायचा. सर म्हणत होते, ‘अहो, इतिहास म्हणजे काही मतदान नव्हे.’ काका म्हणत होते, ‘मग कागद दाखवा भोंग्याचा.’ दोघांचंही बरोबर होतं. शेवटी ठरलं की कागदावर सापडलेलं एका ठशात आणि लोकांनी सांगितलेलं तिरप्या ठशात, आणि दोन माणसं दोन सांगत असतील तर दोन्ही द्यायचं. ही पद्धत सरांना आजही मनापासून पटलेली नाही.

शुद्धिपत्र चारऐवजी बारा पानांचं झालं. पहिल्याच ओळीत होतं: ‘पृष्ठ ११२, यंत्रमाग नव्हे, साचा.’ पुढे त्रासन खातं, माझ्या नावानिशी. पुढे बीआयटी आणि बीडीडी, खोली ५० आणि ५१, ट्रामचं साल, रस्त्यांची जुनी-नवी नावं शेजारी शेजारी, आणि खानावळीच्या त्या वाक्याच्या जागी दीड पान, बदलापूरच्या बाईंनी सांगितलेलं, जिन्यातल्या अभ्यासासकट. त्याला जोडून सूची. ती मी आणि कॉलेजच्या दोन मुलींनी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर नोंदी करत पावसाळाभर केली. घरी दोरीवर पत्रिका वाळत घातल्यासारख्या टांगलेल्या असत. हजारावर नोंदी. गल्ल्या, वाड्या, गिरण्या, हॉटेलं, नाके, विहिरी. खजिनदारांनी फर्मा मंजूर केला. त्यांची स्वतःची वाडी सूचीत ‘प’ खाली आली होती, याचा काही संबंध असेलच असं नाही.

किंमत उतरवून दीडशे केली. पुढच्या गणपतीत टेबल पुन्हा टाकलं, आणि एक वेगळीच गंमत झाली. लोक पुस्तक उचलत, त्यातून शुद्धिपत्र गळून पडे, ते उचलून आधी तेच वाचत उभे राहत. हसत, एकमेकांना दाखवत. ‘बघ, साचा म्हणायचं.’ मग सूचीत गल्ली, मग ते पान, मग पाकीट. दहा दिवसांत ३१२च्या ४७ उरल्या. काही जणांनी नुसतं शुद्धिपत्र मागितलं, मूळ पुस्तक नको म्हणाले. ते मी सरांना सांगितलेलं नाही.

नंतर, त्याच पैशांतून, खरी दुसरी आवृत्ती निघाली. ती काही सगळीच जमली नाही. घडीचा नकाशा घातला, जुन्या नावांचा, तो पहिल्या दोन उघडझापांतच घडीवर फाटतो. नकाशातली अक्षरं पासष्टीच्या वरच्यांना दिसत नाहीत, म्हणजे ज्यांच्यासाठी जुनी नावं घातली त्यांनाच. फिती कापणाऱ्यांचे फोटो सोळा पानांवरून तीनवर आणले, त्यात एका देणगीदाराच्या वडिलांचा फोटो गेला आणि देणगीही गेली. शिवप्रतिमेच्या नऊ पानांखाली आता देवळाचा पत्ता आणि जायचं कसं ते आहे. प्लेगच्या प्रकरणाला कुणी हात लावला नाही, एका आधाराच्या ओळीशिवाय. पण तेव्हापासून काउंटरवर लोक प्लेगबद्दल बोलायला लागलेत. आकडे सरांचे तेच आहेत, पहिल्या आवृत्तीतलेच.

काकांना दुसऱ्या आवृत्तीची पहिली प्रत दिली. आठ दिवसांनी परत आले. नऊ फुल्या.

आवृत्तीच्या शेवटी आम्ही चार कोरी पानं सोडली आहेत, वर ‘तुम्हाला माहीत आहे ते’ एवढंच छापलेलं. वाचनालयाच्या प्रतीत मात्र लोक कोऱ्या पानांची वाट बघत नाहीत, समासातच लिहितात. पुस्तकात लिहिल्यास दंड, अशी पाटी माझ्या डोक्यावर वीस वर्षं लटकते आहे. परवा ती प्रत परत आली तेव्हा पृष्ठ ८८ उघडलं. मजकूर एका चाळीचा: ‘मागच्या अंगाला एकच नळ होता, पाणी पहाटे चारला येई.’ बाजूला निळ्या पेनने: ‘नळ दोन होते. एक बंद असायचा.’ त्याखाली पेन्सिलीने, थरथरत्या अक्षरात: ‘बंद नव्हता. दुसऱ्या मजल्यावरचे मुद्दाम आवळून ठेवत.’ त्याखाली हिरव्या शाईत: ‘आम्ही दुसऱ्या मजल्यावर होतो. साफ खोटं.’ दंड तिघांपैकी कुणाला लावायचा ते ठरेना, तेवढ्यात दारात एक आजोबा आले आणि तेच पुस्तक मागू लागले. कुठल्या चाळीतले ते विचारलं, रजिस्टरवर सही घेतली आणि देऊन टाकलं. आठ दिवसांच्या बोलीवर नेलंय. आज बारावा दिवस.